हिरव्या टोपणाचं दूध

मला डॉक्टर व्हायचं होतं, पण रक्त दिसलं की मी आडवी व्हायची. कॉलेजात मैत्रिणीचं बोट टोचून रक्ताचा एक थेंब काढायचा होता. जिचं बोट टोचलं ती ठणठणीत उभी राहिली आणि मला बाकावर झोपवून तोंडावर पाणी मारावं लागलं. तेव्हा माणसांचा नाद सोडून मी जंतूंच्या मागे लागले. जंतूंना रक्त नसतं. ते कण्हत नाहीत, सोबत चार नातेवाईक घेऊन येत नाहीत, आणि त्यांचं काही बरंवाईट झालं तर कुणी जाब विचारायला येत नाही. जंतूंना वाढवायच्या खाद्यातच रक्त मिसळतात, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. पण तोवर नेमणुकीचा कागद हातात आला होता. गपगुमान सरावले.

आमची प्रयोगशाळा इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईखोलीला लागून. एका बाजूने उकळत्या चादरींचा वास आणि दुसऱ्या बाजूने आमच्या जंतूंचा. पेशंटच्या घशातून, जखमेतून, लघवीतून आलेले नमुने जेलीसारख्या खाद्याच्या प्लेटवर तारेने ओढायचे, उबेच्या पेटीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी कोण उगवलंय ते बघायचं, हे माझं काम. वर्षानुवर्षं ते केल्यावर माणसाचं जे होतं ते माझंही झालं. मला दाराच्या कडीवर, नोटांवर, पाहुण्यांच्या गालांवर सगळीकडे जंतूच दिसायला लागले. घरात कुणी बाहेरून आलं की मी चप्पल काढायच्या आधी त्याला साबण दाखवायची. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण सासरी मला 'हातधुवा बाई' म्हणतात, हे मला पहिल्या वर्षीच समजलं होतं. मला त्याचा अभिमान वाटायचा, यावरून माझी अवस्था ओळखा.

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं. एकात मी, नवरा आणि सासूबाई. समोर दीर आणि माझी धाकटी जाऊ. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. त्याचे हात ग्रीसने माखलेले, त्यामुळे आमच्या लग्नातली निम्मी भांडणं मोरीपाशी झालेली आहेत. धाकटीचं खाली रस्त्यावर केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि दिवसभर बडबड. ती कंगवा तोंडात धरून बोलायची. कापलेले केस फुंकरीने उडवायची. पोळीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून, झटकून तोंडात टाकायची आणि वर मला सांगायची, "ताई, जंतूंना पण पोट असतं हो." मला वाटायचं, ही बाई जिवंत आहे हाच एक वैद्यकीय चमत्कार आहे.

योगायोग असा की आम्हा दोघींना एकाच हंगामात दिवस राहिले. मला मुलगी झाली. बारीक, टोकदार आवाजाची. तिला सगळे चिमणी म्हणू लागले. पाठोपाठ धाकटीला मुलगा झाला आणि तो इतका गोल होता की त्याला भोपळ्या हेच नाव पडलं. मी चिमणीला प्रत्येक वेळी घेताना कोपरापर्यंत हात धुवायची. धाकटी भोपळ्याला एका काखेत मारून दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाची मान सरळ करायची. मी तिला समजावून थकले. पुस्तकातली चित्रं दाखवली. ती म्हणाली, "ताई, हे हिरवं-जांभळं कोण? किती गोड दिसतंय." तो न्यूमोनियाचा जंतू होता.

रजा संपल्यावर मी कामावर परतले. चिमणी सासूबाईंकडे. दुपारी मी कोठीघरात हातमोज्यांच्या खोक्यांमागे एक स्टूल टाकून बसायची आणि पंपाने दूध काढायची. बाहेर कुणीतरी "मोठ्या मापाचे मोजे संपलेत का?" असं ओरडायचं आणि मी आतून "थांबा, येते!" असं ओरडायची. पंप आपला घर्र-घर्र चालू. त्या कोठीघरातच माझी आणि संशोधक मॅडमची ओळख झाली. त्या विद्यापीठातून आमच्याकडे काही महिन्यांसाठी आल्या होत्या, माझ्यापेक्षा वयाने लहान, उंच, आणि कायम उभ्या उभ्या बिस्किटं खाणाऱ्या. मोजे शोधायला आल्या आणि माझ्या हातातली बाटली बघून त्यांचे डोळे असे चमकले की मी पदर सावरला.

"तुम्ही हे मला द्याल?" त्या म्हणाल्या.

"हे माझ्या मुलीचं आहे," मी म्हणाले.

"सगळं नको. थोडंसं. मला त्यातली साखर हवी आहे."

मग तिथेच, खोक्यावर टेकून, त्यांनी मला समजावलं. दुधात पाणी असतं, स्निग्धांश असतो, प्रथिनं असतात, बाळाचं पोट भरणारी साखर असते. हे मलाही ठाऊक होतं. पण त्याशिवाय आणखी एका कुळीच्या साखरा असतात, शेकडो प्रकारच्या, आणि त्या बाळाला पचतच नाहीत.

"पचत नाहीत तर आईचं शरीर त्या बनवतं कशाला?" मी विचारलं. "इथे एक थेंब काढताना जीव जातोय, आणि त्यात न पचणारा माल?"

"बाळासाठी नाहीतच मुळी त्या. एक तर, बाळाच्या आतड्यात जे चांगले जंतू वस्तीला येतात त्यांचं ते खाणं. आणि दुसरं म्हणजे वाईट जंतूंना चकवायला. वाईट जंतू आतड्याच्या भिंतीवरच्या साखरेच्या खुणा धरून चिकटतात ना? दुधातल्या काही साखरा हुबेहूब तशाच दिसतात. जंतू भिंत समजून साखरेलाच मिठी मारतो."

"आणि?"

"आणि लंगोटातून बाहेर."

मी जन्मभर जंतूंना साबणाने, आगीने, औषधांनी मारत आले होते. त्यांना असं गोडीगुलाबीने घराबाहेर काढता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडमना पुढचं बघायचं होतं. या साखरा काही जंतूंना नुसत्या चकवतातच असं नाही, तर त्यांना सरळ वाढूच देत नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी निवडलेला जंतू मी चांगला ओळखत होते. मोठ्या माणसांच्या अंगात तो बिनबोभाट राहतो, कुणाला पत्ताही लागत नाही. पण बाळंतपणात तो नवजात बाळाच्या रक्तात शिरला तर खेळ काही तासांचा असतो. एकदा अशाच एका बाळाच्या रक्ताची प्लेट मी वाचली होती. निकाल घेऊन वरच्या मजल्यावर गेले तेव्हा पाळणा रिकामा होता आणि वॉर्डातली आया त्याची चादर बदलत होती. त्यामुळे मॅडमनी त्या जंतूचं नाव घेतल्यावर मी बाटली पुढे केली. "हवं तेवढं घ्या," म्हणाले.

मॅडमना दूध देणाऱ्या आणखी बायका हव्या होत्या. निरोगी, रक्ताच्या तपासण्या करून घ्यायला तयार असणाऱ्या. वॉर्डातल्या काही मिळाल्या. मी धाकटीचं नाव सुचवलं. सुचवताना माझ्या मनात विज्ञानाची सेवा वगैरे होती, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे शर्यतीत आपण पहिले यायचं तर मागे कुणीतरी धावायला लागतं.

धाकटीला मी तिच्या दुकानातच गाठलं. ती कुणाच्या तरी डोक्याला रंग लावत होती.

"दुधाची तपासणी? कशासाठी? भोपळ्या तर बघा कसा फुगलाय."

"अगं, त्यातल्या साखरा तपासायच्यात. ऑलिगोसॅकराइड म्हणतात."

"ऑलिगो काय?" रंग लावलेल्या बाईने मान वळवली.

"तुम्ही हलू नका हो, कान काळा होईल," धाकटी तिला म्हणाली. मग मला, "ताई, नाव असलं असेल तर साखर कडूच असणार. पण तुम्ही म्हणताय तर देते. नाहीतरी माझं वाहूनच चाललंय."

तेही मला लागलं. माझं वाहून वगैरे जात नसे. मला एकेका थेंबासाठी पंपाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत.

मॅडमनी सगळ्यांच्या दुधातून त्या साखरा वेगळ्या केल्या. पांढरी, पिठीसारखी भुकटी निघाली. ती पाण्यात विरघळवून छोट्या नळ्यांत भरली आणि प्रत्येक नळीला वेगळ्या रंगाचं टोपण लावलं. कुठला रंग कुणाचा हे फक्त मॅडमना माहीत. माझं काम एवढंच, की बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये खाद्य घालायचं, जंतू सोडायचे, वर एकेका रंगाच्या नळीतली साखर सोडायची आणि प्लेट उबेत ठेवायची. जंतू वाढले तर खळगा गढूळ होणार. नाही वाढले तर नितळ राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उजेडासमोर धरली. काही खळगे चांगले गढूळ होते. काही जरासे कमी. आणि एका रांगेत, हिरव्या टोपणाच्या रांगेत, खळगे नळाच्या पाण्यासारखे स्वच्छ. जंतू जवळजवळ नाहीतच. पुन्हा प्रयोग लावला. पुन्हा तेच.

त्या क्षणी मला कळलं की हिरवं टोपण माझं आहे.

कसं कळलं ते विचारू नका. म्हणजे विचारा, कारण माझ्याकडे कारणं भरपूर होती. मी उकळलेलं पाणी पिते. मी नखं कापते. जंतूंशी माझं वर्षानुवर्षांचं वैर आहे. माझ्या अंगाने ते वैर दुधात उतरवलं असणार. शिवाय मॅडमनी टोपणं लावताना माझ्याकडे बघून स्मित केलं होतं. त्या बहुतेक बिस्किट चावत होत्या, पण मला स्मित वाटलं. विज्ञानात पुरावा कसा तपासायचा हे मी नव्या मुलींना शिकवते. स्वतःच्या बाबतीत मात्र मी निकाल आधी लिहिला आणि पुरावा नंतर गोळा केला.

संध्याकाळी घरी गेले ती तरंगत. सासूबाई भाजी निवडत होत्या, नवरा हात धुवत होता, धाकटी भोपळ्याला मांडीवर घेऊन टेकून बसली होती. मी सगळं सविस्तर सांगितलं. नितळ खळगे, गढूळ खळगे, हिरवं टोपण.

"आणि ते हिरवं तुझंच कशावरून?" नवऱ्याने विचारलं.

"दुसरं कुणाचं असणार?" मी म्हणाले.

त्याने टॉवेल शोधायला तोंड फिरवलं.

"ताई, मग माझं कुठलं?" धाकटीने विचारलं.

आता मी काय बोलले ते ऐका. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. गढूळ असलं तरी आईचं दूध ते आईचंच दूध."

धाकटी भोपळ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस का रे? तू गढूळ पितोस." भोपळ्याने ढेकर दिली. सासूबाई हसू दाबायला भाजीच्या टोपलीत वाकल्या. मला वाटलं, ही सगळी अज्ञानी माणसं आहेत, यांना क्षमा केली पाहिजे.

पुढचे काही दिवस मी हिरवं टोपण होऊनच वावरले. इस्पितळाच्या उपाहारगृहात मुलींना सांगितलं. लिफ्टमध्ये बालरोगवाल्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांना दुसऱ्या मजल्यावर उतरायचं होतं, ते चौथ्यापर्यंत आले. चिमणीला पाजताना तिच्याकडे बघून मनात म्हणायची, पी बाई, तुला काय मिळतंय याची तुला कल्पना नाही.

मग मॅडमनी सगळ्या प्लेटा वाचून झाल्याचं सांगितलं आणि म्हणाल्या, "ज्यांना स्वतःचा निकाल हवा असेल त्यांना सांगायला हरकत नाही. तुम्हाला हवाय?"

"मला माहीतच आहे," मी म्हणाले. "तरी तुमच्या तोंडून ऐकायला आवडेल."

"तुमचं नारिंगी."

नारिंगी. जे खळगे मी स्वतःच्या हाताने उजेडाला धरून "अरे बापरे, या बिचारीचं काही खरं नाही" असं म्हणाले होते, ते. त्यात जंतू असे पोसले होते की जणू माहेरपणाला आले असावेत.

"आणि हिरवं?" माझा आवाज चिमणीसारखा निघाला.

मॅडमनी बिस्किटाचा पुडा खाली ठेवला. "तुमच्या जाऊबाई."

मी कोठीघरात गेले आणि हातमोज्यांच्या खोक्यांमागे जाऊन रडले. एवढी मोठी बाई, घरात लेकरू, आणि रडते कशासाठी, तर जंतूंनी आपलं दूध आवडीने प्यायलं म्हणून. मला स्वतःलाच ते इतकं हास्यास्पद वाटलं की मधूनच हसू यायचं, मग पुन्हा रडू. मोजे घ्यायला आलेली मुलगी दारातूनच परत गेली.

घरी सांगणं भाग होतं. मी जिना चढतानाच ठरवलं की एका दमात सांगून टाकायचं. टाकलं. मग सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ही दिवसभर हात धुते तेव्हा पुण्य समोरच्या घरात जातं म्हणायचं." नवरा मोरीकडे पळाला, तिथून त्याचं खोकल्यासारखं हसणं ऐकू येत राहिलं. धाकटी मात्र हसली नाही. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "ताई, त्याने चिमणीला काही धोका आहे का?" मी 'नाही' म्हणून मान हलवली. "मग झालं तर," ती म्हणाली.

धोका नव्हता हे मी मॅडमना आधीच खोदून खोदून विचारलं होतं. त्यांनी सांगितलं होतं, "ही एक प्लेट आहे, एक जंतू आहे. बाळ म्हणजे प्लेट नव्हे. तुमच्या दुधात इतर गोष्टी आहेत, प्रतिकारशक्तीची प्रथिनं आहेत, या जंतूवर न चालणाऱ्या साखरा दुसऱ्या एखाद्यावर चालत असतील. आणि साखरांचं हे मिश्रण बरंचसं जन्मतःच ठरतं, रक्तगट ठरतो ना, साधारण तसं. हात धुण्याशी त्याचा काही संबंध नाही." शेवटचं वाक्य त्यांनी फार प्रेमाने म्हटलं. तेच जास्त झोंबलं. हरले तर हरले, पण जिंकले असते तरी त्यात माझं कर्तृत्व शून्य होतं.

काही आठवडे गेले आणि खरं संकट आलं. सकाळी उठले ती डाव्या बाजूला दगड ठेवल्यासारखी जड छाती घेऊन. दुपारपर्यंत अंग तापाने फणफणलं. लालबुंद, टणक, हात लावू देईना. इस्पितळात वरच्या मजल्यावरच्या सर्जनबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "आत पू झालाय. काढावा लागेल." जिने सगळ्या गावाला जंतूंपासून सावध केलं, तिच्याच छातीत जंतूंनी वसाहत थाटली होती. पू काढताना रक्त दिसलं आणि मी रीतीप्रमाणे बेशुद्ध पडले. पू तपासायला गेला कुठे? तळमजल्यावर, माझ्याच टेबलावर. माझ्या जागी बसलेल्या मुलीने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "मॅडम, प्लेटवर काय सुंदर सोनेरी ठिपके आलेत! तुम्ही बघायला हव्या होत्या."

सर्जनबाईंचं म्हणणं होतं की उजव्या बाजूने पाजत राहा, दूध थांबवू नका. मी पाजत होतेच. पण तापाने आणि दुखण्याने माझं आधीच मिनतवारीचं दूध आटत चाललं होतं. चिमणी ओढायची, दोन घोट मिळायचे, मग मान झटकून किंचाळायची. त्या दुपारी ती अशी रडत होती की आवाज बसला. सासूबाईंनी खांद्यावर घेऊन घरभर फेऱ्या मारल्या. वाटी-चमच्याने पावडरचं दूध देऊन बघितलं. तिने सगळं थुंकून टाकलं. मी पलंगावर, घामाने भिजलेली, उशी दातांत धरून. दार लोटलेलंच होतं. समोरून धाकटी आली. अंगावर केसांचे तुकडे, कानामागे रंगाचा ब्रश खोवलेला.

"खालपर्यंत ऐकू येतंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "ताई, मी घेऊ?"

तिच्या सगळ्या तपासण्या प्रयोगाआधी झालेल्या होत्या. बालरोगवाल्या डॉक्टरांना सासूबाईंनी सकाळीच फोनवर विचारून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे घरात सगळ्यांना उपाय ठाऊक होता. माझ्या परवानगीसाठी ती माणसं दुपारपर्यंत पोरीचं रडणं सोसत बसली होती. आणि मी काय म्हणाले? ताप डोक्यात गेलेला, लेक उपाशी, आणि माझ्या तोंडून निघालं, "हात."

"धुतले," धाकटी म्हणाली. "साबणाने. कोपरापर्यंत. आता पोरीला द्या."

सासूबाईंनी चिमणीला तिच्या मांडीवर ठेवलं. चिमणीने एकदा डोळे उघडून तिच्याकडे बघितलं, नवीन माणूस कोण आहे म्हणून. मग तोंड लावलं. खोलीत एकदम शांतता पसरली. नुसता घटाघट आवाज. धाकटीने कानामागचा ब्रश काढून माझ्या उशाशी ठेवला आणि भिंतीला डोकं टेकलं. मी बघत राहिले. वाटलं होतं, मत्सराने जळून जाईन. तसं काही झालं नाही. मला फक्त झोप आली, इतकी गाढ, की त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी दातांतली उशी सोडली.

मी बरी होईपर्यंत ती रोज दोन खेपा यायची, दुकानात गिऱ्हाईक बसवून. "रंग मुरतोय तोवर येते," असं त्या बायकांना सांगायची. मग माझं दूध परतलं. थोडं, पण परतलं. चिमणी माझ्याकडे परत आली; मात्र धाकटी दिसली की ओठांचा चंबू करायची, ती खोड बरेच दिवस गेली नाही. भोपळ्याला ते मुळीच मंजूर नव्हतं. तो तिच्या कपाळावर थापट्या मारायचा.

मॅडमचं पुढचं काम चालू होतं. त्यांनी साखरांबरोबर औषधाची अगदी कमी मात्रा घालून बघितली. काही साखरा जंतूला एकट्या मारू शकत नव्हत्या, पण जंतू स्वतःभोवती जे चिकट कवच बांधतो ते सैल करत होत्या, आणि मग थोडकं औषधही पुरे पडत होतं. माझं नारिंगी त्यातही जेमतेमच निघालं. मला विचारलं तर मी सांगते, मधल्या फळीत. खरं म्हणजे शेवटून दुसरं. पण शेवटून पहिलं नाही, याचा मला झालेला आनंद बघून मॅडमनी अख्खा बिस्किटाचा पुडा मला दिला.

इकडे धाकटीच्या दुकानात वेगळंच सुरू झालं होतं. तिने हिरव्या टोपणाची गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली, आणि गोष्ट खुर्चीगणिक वाढत गेली. मी ऐकलं तेव्हा तिच्या दुधाच्या एका थेंबाने अख्ख्या इस्पितळातले जंतू मेले होते. मी तरातरा खाली गेले, तिला शास्त्र समजावायला.

खुर्चीवर एक कोवळी आई बसली होती. ओले केस, गळ्याभोवती टॉवेल, मांडीवर कापडात गुंडाळलेलं बाळ. आरशात बघितलं तर ती रडत होती.

"हिला दूध कमी येतंय," धाकटी कात्री थांबवून मला म्हणाली. "मी माझं सांगितलं आणि ही रडायलाच लागली. ताई, तुम्ही काहीतरी सांगा ना."

मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं. आतड्याची भिंत, साखरेच्या खुणा, सगळं जिभेवर होतं. ती पोरगी आरशातून माझ्याकडे बघत होती, एखादी परीक्षक आली असावी तसं. आणि मी भलतंच बोलून गेले.

"माझं शेवटचं आलं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"तपासणीत. हिचं पहिलं, माझं शेवटचं. माझ्या दुधात जंतूंनी बाळसं धरलं."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. हिरवं माझंच म्हणून मी गावभर केलेला डंका, लिफ्टमध्ये अडकवलेले डॉक्टर, गढूळ दुधावर धाकटीला दिलेलं सांत्वन, आणि मग नारिंगी. छातीतल्या सोनेरी ठिपक्यांपर्यंत आले तेव्हा तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं पुन्हा रडतेय. ती हसत होती.

"आणि तुमची मुलगी?" तिने विचारलं.

"ती वर आहे. आजीचा चष्मा चावतेय."

"धुतलेला?" धाकटीने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि उठून बघायला गेले नाही. त्या पोरीला म्हणाले, "पाजत राहा. कमी पडलं तर कमी पडलं, बालरोगवाल्यांना विचारून वरचं दे. जेवढं तुझं जाईल तेवढ्यात काय काय आहे ते तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही. ते शोधायला मोठमोठी माणसं उभ्याने बिस्किटं खातायत."

तिने टॉवेलने डोळे पुसले. बाळाने चुळबुळ केली, तशी तिने त्याला कापडाच्या आत छातीशी घेतलं. धाकटीने खुर्ची हळूच वळवून तिची पाठ दाराकडे केली, आणि समोरून जमेना म्हणून मागचे केस कापायला घेतले.

त्यानंतर धाकटी मला अधूनमधून खाली बोलावते. दुकानातून नुसता जिन्यात आवाज देते, "ताई, एक आलीय रडणारी!" मी हातातलं काम टाकून जाते. गोष्ट आता माझीही थोडी वाढलीय. परवा मी सांगितलं की माझ्या दुधात जंतू पोहायला शिकले. धाकटीने कंगवा तोंडातून काढला आणि म्हणाली, "ताई, शास्त्राला धरून बोला हो."